भरायचा राहिलेला खण

तिला सगळे काचताई म्हणतात. सामान हलवणाऱ्या कंपनीत स्वयंपाकघर बांधायचं काम तिच्याकडे असतं. कप, बरण्या, चिनीमातीच्या बशा कागदात गुंडाळायच्या, खोक्यात उभ्या लावायच्या, मधल्या फटींत चुरगळलेला कागद ठासायचा. तिच्या हातचं खोकं जिन्यावरून गडगडलं तरी आत काही फुटत नाही, असं ट्रकवाला भाऊ अभिमानाने सांगतो. एकदा त्याने ते सिद्धही केलं होतं. चुकून.

अलीकडे काम उदंड वाढलंय. लोक राज्य सोडून चाललेत. आधी कारखान्यातले गेले, मग दुकानदार, आता डॉक्टर. ट्रक इथून खच्चून भरून जातो आणि रिकामा परत येतो. तरी घरांच्या किमती खाली उतरायचं नाव घेत नाहीत. बाहेरचे लोक न बघताच घरं घेऊन ठेवतात. भाडी वाढतात. दर उन्हाळ्याला वीज महागते आणि दर उन्हाळ्याला जास्त वेळ जाते.

काचताईचा नवरा सरकारी बस चालवतो. पगार येतो, पण तुकड्यातुकड्यांनी. भाड्याचा करार संपत आला की घरमालक गोड बोलायला लागतो, म्हणजे भाडं वाढणार. तिची लेक शाळेच्या वहीवर पत्ता पेन्सिलीने लिहिते. आईने विचारलं तर म्हणाली, "खोडायला सोपं पडतं."

तर एका सकाळी काचताई मोठ्या बाईंकडे गेली. मोठ्या बाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मुलाकडे निघाल्या होत्या, दुसऱ्या राज्यात. सामान बांधायच्या आधी घरभर फिरून प्रत्येक वस्तूपाशी एकच प्रश्न विचारायचा, ही कंपनीची पद्धत. येणार की राहणार? राहणाऱ्या वस्तूला लाल चिठ्ठी लावायची.

"कपाट?"

"येणार."

"पलंग?"

"राहणार. सून म्हणते, आमच्याकडे जागा नाही. पलंगाला, म्हणजे." बाई थोड्या थांबल्या. "मलाही फारशी नसावी."

काचताई हसली, मग हसावं की नाही ते तिला कळेना. ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याशेजारी खिडकी, खिडकीखाली भिंतीतच केलेला एक खण, त्यात बरण्यांची रांग. बरण्यांवर सकाळचं ऊन आलं होतं. तिने आजवर शेकडो स्वयंपाकघरं रिकामी केली होती. कुठेच तिचा पाय अडला नव्हता. इथे अडला.

बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. इतकी वर्षं पोरांचे चेहरे वाचण्यात गेली होती त्यांची. "या घराला दलालाकडे बाहेरचं गिऱ्हाईक आहे," त्या म्हणाल्या. "घेऊन कुलूप लावेल, नाहीतर भाड्याने देईल. तुला हवं असेल तर ट्रक येईपर्यंत त्याला थांबवते. किंमतही थोडी सोडीन. इथे कुणीतरी मनापासून राहावं एवढंच."

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "घ्यायचं का?"

"काय?"

"भाजी. अहो, मोठ्या बाईंचं घर."

नवऱ्याने ताट बाजूला सारलं. "अर्धा डेपो बंद झालाय. उरलेला कधी बंद होईल, देवालाही ठाऊक नाही. जन्मभराचा हप्ता घेऊन बसायचं कशाच्या जिवावर?"

"मग दुसऱ्या राज्यात भावजींकडे जायचं? तिकडे घरं निम्म्याने स्वस्त आहेत म्हणतात."

"तिकडे मला बस कोण देणार? या वयात त्याच्या दुकानात पोती उचलू? आणि त्याची बायको रोज ऐकवणार ते वेगळं."

"म्हणजे घ्यायचंही नाही आणि जायचंही नाही," लेक म्हणाली. "मग काय करायचं?"

तेवढ्यात वीज गेली. बरं झालं.

तरी दोघं बँकेत जाऊन आली. टेबलापलीकडच्या तरुणाने पगाराच्या पावत्या चाळल्या. कर्ज होईल म्हणाला, पण व्याज जरा जास्त पडेल. का, तर नोकरी सरकारी आहे.

"सरकारी आहे म्हणून जास्त?" नवऱ्याने विचारलं.

"हो. पगार वेळेवर होत नाहीत ना तुमचे."

नवरा हसायला लागला. याच नोकरीकडे बघून काचताईच्या वडिलांनी मुलगी दिली होती. तो जिना उतरेपर्यंत हसत होता.

ट्रक यायचा दिवस उजाडला. काहीच ठरलं नव्हतं.

"काय गं, काय ठरलं?" बाईंनी दारातच विचारलं.

"सांगते बाई. आवरून घेते आधी."

ती कामाला लागली. हात आपोआप चालत होते. कप झाले, पातेली झाली, डबे झाले. भाऊ एकेक खोकं खाली नेत होता. दलालही आला आणि फीत लावून खोल्या मोजू लागला. दुपार कलली तेव्हा बाई स्वयंपाकघरात डोकावल्या.

"अगं, हा खण राहिला की."

काचताईने वळून बघितलं. बरण्या जशाच्या तशा होत्या. खणाच्या कडेला लाल चिठ्ठी होती. तिनेच लावलेली. कधी लावली, तिला आठवेना.

"काचताई चुकल्या," भाऊ म्हणाला. "आज काही खरं नाही."

बाई हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "नवऱ्याला विचार. मी थांबते."

तिने फोन लावला. नवरा गाडी घेऊन नुकताच डेपोत शिरला होता. मागे इंजिन घुरघुरत होतं.

"तू सांग," तो म्हणाला. "तुझ्या हातात आहे."

"माझ्या हातात बरणी आहे. तुम्ही सांगा."

"घ्यायचं तर घे. नंतर मला बोल लावू नकोस."

"मग नको म्हणा."

"नको असंही म्हणत नाही मी."

मग त्याला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

बाई अजून थांबल्या होत्या. काचताईने तोंड उघडलं. नाही म्हणायचं असतं तर एक शब्द पुरला असता, हो म्हणायलाही तेवढाच लागला असता. तो काही आला नाही. खालून ट्रकचा हॉर्न वाजला. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, मग बाहेर जाऊन दलालाला म्हणाल्या, "कळवा तुमच्या माणसाला."

काचताई चिठ्ठी सोलायला लागली. अर्धी निघाली, अर्धी रंगाला चिकटून बसली. ती नखाने खरवडत राहिली, मग नाद सोडला. एकेक बरणी कागदात गुंडाळून तिने खोक्यात उभी लावली. दलाल फीत गुंडाळत आत आला.

"ताई, तुम्ही घरोघर फिरता. हे आता भाड्याने द्यायचंय. ओळखीत कुणी आहे का बघा. तुमच्यासारखं कुटुंब असेल तर उत्तम."

"भाडं किती?"

त्याने सांगितलं. बँकेच्या हप्त्यापेक्षा ते थोडं जास्तच होतं.

तिने खोक्याची झाकणं मिटली, त्यावर चिकटपट्टी ओढली, वर अंगठा दाबून फिरवला.

"विचारून सांगते," ती म्हणाली, आणि खोकं उचललं.