अर्धी घटका इकडे किंवा तिकडे

पुणे शहरात अर्ज लिहून देणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्याच्या अर्जाचा मायना वाचताना दप्तरातील कारकुनाने क्षणभर पान चघळणे थांबवावे, असे थोडे. माझी गणना त्यांत होते. हे मी अभिमानाने सांगत नाही, केवळ वाचणाऱ्यास माहिती असावी म्हणून सांगतो. पंतोजींच्या शाळेतील माझे शिक्षण पुरे झाले नाही. वडील गेले, घरात धाकटी बहीण होती, आणि माझे मोडी अक्षर वळणदार होते. तेव्हा बोरू हाती धरला, तो आजतागायत खाली ठेवलेला नाही. शास्त्रे मी शिकलो नाही. मात्र शास्त्र्यांच्या ओसरीवर इतका बसलो आहे की, शास्त्र विश्वासास कितपत पात्र आणि देवाधर्माशी त्याचे नाते कोणते, याविषयी चार शब्द लिहिण्याचा मला अधिकार पोहोचतो, असे मी मानतो. ते चार शब्द मला आमच्या पेठेतील एका जोशीबुवांनी शिकवले. त्यांचे उपकार फिटण्याजोगे नाहीत. निदान लिहून तरी ठेवावेत.

माझा मेहुणा, म्हणजे त्याच धाकट्या बहिणीचा नवरा, सरकारी पागेत कारकून होता. एके रात्री पागेच्या गवताच्या गंजीला आग लागली. माणूस किंवा घोडा कोणी दगावले नाही, पण गंजी जळून गेली. त्या रात्री देखरेखीची पाळी मेहुण्याची होती, म्हणून त्याला एका डोंगरी किल्ल्यावर नेऊन अटकेत ठेवले. कोणी हयगय म्हणाले, कोणी फितुरी. बहीण नारायण पेठेत माझ्या घरी राहायला आली. ती रडत नसे. सकाळी उठून अंगणात सडा घाली, आणि मी पगडी डोक्यावर ठेवली की विचारी, "दादा, आज काही कळेल का?" ती रडली असती तर मला सोपे गेले असते.

मी एकामागून एक तीन अर्ज केले. तिन्ही उत्तम होते. त्यांतील श्रीमंतांच्या स्तुतीचा भाग दोघा-तिघांनी नकलून नेला, यावरून त्यांची योग्यता कळावी. तरीही उत्तर आले नाही.

अशात सूर्यग्रहण आले. ग्रहण सुटले म्हणजे श्रीमंत मुठेच्या घाटावर स्नान करीत, दाने देत, आणि त्या पुण्यकाळी काही बंदी मोकळे करण्याचा हुकूम होत असे, असा प्रघात होता. त्या क्षणी अर्ज हातात पडला तर तो दप्तरात न जाता थेट कानावर जाई. श्रीमंतांची वस्त्रे सांभाळणाऱ्या एका खिजमतगाराचे घराच्या वाटणीचे कागद मी पूर्वी लिहून दिले होते. त्याला गाठले. तो म्हणाला, "बाईंना घाटाच्या पायरीवर उभं करीन. पण एकदाच. तीच बाई पुन्हा दिसली तर चोपदार मला विचारील, आणि मग माझ्यासाठी अर्ज लिहावा लागेल तुम्हाला. वेळ तेवढी नक्की कळवा."

वेळ विचारण्यासाठी मी जोशीबुवांकडे गेलो. हे आमच्या शेजारच्या बोळात एकटे राहत. अंगाने वाळलेले, जिभेने तिखट. घराच्या माळवदावर त्यांनी सावली मोजण्याची एक खुंटी रोवली होती, आणि जिन्याच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या होत्या. लोक त्यांच्याकडे पत्रिका दाखवायला फारसे जात नसत, कारण ते भविष्य सांगण्याआधी, "कशाला हवंय?" असे विचारीत.

"या," मला पाहून ते म्हणाले. "आज कोणाची बाजू खरी करायची आहे?"

मी हेतू सांगितला. दरबारच्या पंचांगात तर स्पष्टच लिहिले होते की, तिसरे प्रहरी ग्रहण लागेल आणि सूर्य मावळण्याच्या थोडे आधी सुटेल. घाटावर कितव्या घटकेस पोहोचावे, एवढेच मला हवे होते.

"ते पंचांग ज्यांनी केलं त्यांच्या गणितात डोंगर नाही," जोशीबुवा म्हणाले, आणि पश्चिमेकडे भांबुर्ड्यामागच्या डोंगरांकडे त्यांनी हनुवटी केली. "आपल्या गावाला आहे. सूर्य तिथं आधीच आड जातो. माझ्या गणितानं तो आड जाईल तेव्हा त्याची कड अजून ग्रासलेलीच असेल. डोळ्यांना शुद्ध बिंब दिसल्याशिवाय सुटल्याचं स्नान नाही, दान नाही, जेवणही नाही. सगळं दुसऱ्या दिवशी सकाळवर जाईल."

"म्हणजे बहिणीला सकाळी उभी करावी?"

"बहुधा."

"बहुधा म्हणजे काय, जोशीबुवा?"

"म्हणजे अर्धी घटका इकडे किंवा तिकडे. तेवढं माझं चुकतं. मागच्या खेपेला चुकलं होतं." त्यांनी भिंतीवरच्या दोन रेघा दाखवल्या. एक गणिताने आलेली, दुसरी डोळ्यांनी पाहिलेली. दोहोंत बोटभर अंतर होते.

"मी आपल्याकडे उत्तर मागायला आलो. आपण दोन दिलीत."

"एकच हवं असेल तर दरबारच्या जोशांकडे जा. त्यांच्याकडे एकच असतं, आणि त्यांना त्याबद्दल शाल मिळते."

मग त्यांनी माझ्या हातातील नवा अर्ज मागितला. मी मोठ्या आनंदाने दिला. ते कागदाचे दोन बंद उलगडून ओठ न हलवता वाचत गेले, आणि एका जागी थांबले.

"'रात्रभर नेत्र न मिटता, हाती पेटती दिवटी धरून, गंजीस प्रदक्षिणा घालीत होता.' अहो, पेटती दिवटी घेऊन गवताभोवती? मग आग लागली यात नवल ते काय?"

हे वाक्य आधीच्या तिन्ही अर्जांत होते, पण त्याचा असा अर्थ होऊ शकतो हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. मी म्हणालो, "तो अलंकार आहे."

"असेल. पण तो जागा होता हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"असलाच पाहिजे."

"म्हणजे ठाऊक नाही," असे म्हणून त्यांनी अर्ज परत दिला.

मी संतापाने घरी आलो. खिजमतगाराला दिवेलागणीपर्यंत निरोप द्यायचा होता. संध्याकाळ किंवा सकाळ, एकच. एका बाजूला दरबारचे मानकरी, त्यांचे पंचांग साऱ्या शहरात वाचलेले. दुसऱ्या बाजूला खुंटी रोवून बसलेला एक मनुष्य, जो स्वतःच म्हणतो की मी चुकेन. चुकीची वेळ निवडली तर पुढचे ग्रहण कधी, आणि तोवर किल्ल्यावरच्या त्या माणसाचे काय?

अखेरीस माझा धंदाच माझ्या उपयोगी पडला. आजवर मी कितीतरी साक्षी लिहून घेतल्या आहेत. शिकवून आणलेला साक्षीदार घटका-पळे सांगतो आणि कोठे अडखळत नाही. ज्याने खरोखर पाहिले तो म्हणतो, "गुरं परत आली होती, नाही, येत होती, धूळ होती, म्हणून तोंड नीट दिसलं नाही." त्याला न दिसलेलेही ठाऊक असते. जोशीबुवा तसे बोलले होते. शास्त्राची परीक्षा करण्याइतकी विद्या मजपाशी नसेल, साक्षीदाराची परीक्षा मात्र मला कोणी शिकवायला नको. मी निरोप पाठवला: सकाळ.

मग बहिणीला समोर बसवून विचारले, "खरं सांग, तो त्या रात्री जागा असेल?"

ती पदराशी चाळा करीत म्हणाली, "दादा, ते बसल्या बसल्या झोपतात. लग्नात अंतरपाटापाशीसुद्धा पेंगले होते. मामांनी कोपर मारलं होतं. पण आग लावणारे नाहीत ते."

मी बोरू घेतला आणि माझ्या आयुष्यातील सर्वांत आखूड अर्ज लिहिला. त्यात स्तुती एक ओळ. पुढे इतकेच, की अटकेतील इसमास पाळीवर झोप लागली असावी. आग कोणी लावली हे अर्जदारास ठाऊक नाही. त्याने लावली असे म्हणणाऱ्यानेही पाहिलेले नाही. हयगयीची शिक्षा इतके महिने भोगून झाली आहे. लिहून झाल्यावर मला तो अर्ज उघडा पडल्यासारखा वाटला, पण एकही शब्द वाढवता येईना.

ग्रहणाच्या दिवशी सारे पुणे घाटावर लोटले होते. बहिणीला घेऊन मीही गेलो, कारण निरोप देऊन झाला तरी जीव थाऱ्यावर नव्हता. जोशीबुवा गर्दीपासून दूर, एका पिंपळाखाली, परातीत हळदीचे पाणी घेऊन त्यातील सूर्याकडे पाहत बसले होते. ग्रहण लागले ते त्यांच्या गणिताने आलेल्या वेळेच्या आधीच.

"चुकलं!" ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू मुलगा झाला.

मी त्यांचा दंड धरला. "अहो, आधी लागलं म्हणजे आधी सुटणार! डोंगराच्या आधी!"

"सुटेल किंवा नाही. बघू या की."

पिंपळाच्या सावलीत, जिथे पानांमधून उन्हाचे कवडसे पडतात तिथे, त्या वेळी शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या. माझ्या अंगरख्यावर, परातीच्या काठावर, बहिणीच्या पुढे केलेल्या ओंजळीत. ती देवाचा प्रसाद घ्यावा तशी त्या कोरी डोळ्यांना लावत होती. जोशीबुवा तिला म्हणाले, "पानांमधल्या फटीतून सूर्यच खाली उतरलाय, ताई. जसा वर आहे तसाच." तिने मान हलवली आणि पुन्हा ओंजळ पुढे केली. त्यांनी जरा सरकून तिला जागा करून दिली.

ग्रहण मध्यावर आले तसे ते उठले, कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभे राहिले आणि जप करू लागले. मला राहवले नाही. मी काठावरून विचारले, "आपण तर म्हणता चंद्र आड येतो, राहू गिळत नाही. मग हे स्नान कशाला?"

"चूल कशी पेटते ते ठाऊक आहे म्हणून जेवणाआधी हात जोडायचे सोडलेत का तुम्ही?"

"नाही."

"गणित मला वेळ सांगतं. त्या वेळी कुणापुढे उभं राहायचं, ते विचारलं तर ते गप्प बसतं. आता तुम्हीही बसा. माळ चुकते माझी."

सूर्य खाली सरकू लागला. ग्रास कमी होत होता. नखाच्या कडेएवढा उरला, आणि अजून थोडा. मी परातीवर वाकून मनातल्या मनात डोंगराला विनवीत होतो की लवकर ये. अखेर सूर्य डोंगराला टेकला, निम्मा आड गेला, आणि वरच्या कडेला तो काळा चावा शेवटपर्यंत तसाच होता.

घाटावर गोंधळ उडाला. दरबारचे जोशी म्हणत होते की गणिताप्रमाणे ग्रहण सुटले आहे, स्नान व्हावे. धर्मशास्त्र पाहणारे एक वृद्ध शास्त्री श्रीमंतांच्या शेजारी उभे होते. श्रीमंतांनी त्यांना विचारले, "आपणांस शुद्ध बिंब दिसले?"

"नाही."

"मग सकाळी," श्रीमंत म्हणाले, आणि मंडळी उपाशीपोटी परतली. मी तोवर समजत होतो की डोळ्यांवर भरवसा ठेवणे हे गणितवाल्यांचे काम आणि पोथीवर ठेवणे हे धर्मवाल्यांचे. त्या संध्याकाळी पोथीवाल्यानेच डोळ्यांची साक्ष मागितली.

सकाळी सूर्य अखंड उगवला. घाटावर गर्दी निम्मीही नव्हती. खिजमतगाराने बहिणीला तिसऱ्या पायरीवर उभे केले. ओल्या वस्त्रांनिशी वर येताना श्रीमंतांनी अर्ज घेतला आणि बरोबरच्या कारकुनाकडे दिला. त्याने तो वाचला. वाचायला फारसे नव्हतेच. "झोपला होता, असे अर्जदार स्वतःच लिहितो," कारकून आश्चर्याने म्हणाला.

श्रीमंत म्हणाले, "त्या रात्री पागेतले सगळे जागे होते असेच आजवर ऐकत आलो. एक तरी झोपलेला निघाला. सोडा त्याला."

आठवड्याच्या आत मेहुणा घरी आला. दाढी वाढलेली, खांदे उतरलेले. बहिणीने त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, नंतर घाटावरच्या देवाला नारळ फोडला. आणि त्या दिवशी, इतक्या महिन्यांनी, ती पोटभर रडली. मी एक नवे उपरणे घेऊन जोशीबुवांकडे गेलो.

"हे कशाबद्दल?" त्यांनी विचारले. "आणखी थोडं चुकलं असतं तर तुम्ही मला मुठेत बुडवलं असतं."

"बहुधा," मी म्हणालो.

ते हसले. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिले. उपरणे त्यांनी घेतले नाही. म्हणाले, "मला एक माणूस द्या. मी सूर्य-चंद्राकडे पाहीन की वेळ मोजीन?"

तेव्हापासून दर ग्रहणाला आमचे सारे घर त्यांच्या माळवदावर असे. घटिकापात्र, म्हणजे तळाला भोक असलेली ती तांब्याची वाटी, पाण्यावर सोडायची; भरून बुडाली की एक घटका झाली, की पुन्हा सोडायची. हे काम मेहुण्याकडे आले. पागेत त्याला पुन्हा कोणी ठेवले नव्हते, आणि हे काम तो मोठ्या निष्ठेने करी. पहिल्याच चंद्रग्रहणात चंद्र सुटल्यावर जोशीबुवांनी कोळसा हातात घेऊन विचारले, "किती वाट्या?"

मेहुण्याने आकडा सांगितला. मग खाली मान घालून म्हणाला, "मध्ये एकदा डोळा लागला असेल. एखादी वाटी बुडून राहिली असेल. सांगता येत नाही."

मी कपाळाला हात लावला. बहीण पदर तोंडाला लावून हसू लागली. जोशीबुवांनी मात्र भिंतीवर रेघ ओढली, चुकीला जागा म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना एकेक टिंब दिले, आणि म्हणाले, "सांगितलंस हे फार बरं केलंस. चला, आंघोळीला."

जोशीबुवा आता नाहीत. त्यांच्या जिन्याच्या भिंतीला नव्या बिऱ्हाडाने चुना दिला आहे. आम्ही तिघे अजून ग्रहणाला घाटावर जातो, वाटी सोडतो, आणि पाण्यात उतरण्याआधी त्यांना हात जोडतो.