पापडाचा डबा

आमच्या अरेरा कॉलनीत दारोदार पापड विकणाऱ्या त्या सिंधी बाईंचं नाव मी कधी विचारलंच नाही. अमेरिकेतल्या माझ्या मुलाला देश सोडायची नोटीस आली, त्या सकाळी मी त्यांच्यासमोर दारातच रडले. त्यांनी टोपली उतरवली.

"बेटे से कहो, भागना मत, बिना पढ़े साइन मत करना, आज ही वकील पकड़ना. सरहद पार सिंध से आए थे, तब हमें भी आया था ऐसा काग़ज़."

मग टोपलीतला डबा उघडून त्यांनी ऐटीत आपलं भारतीय नागरिकत्वाचं प्रमाणपत्र दाखवलं. त्याला हिंगाचा घमघमाट येत होता.

"पापड़ के डिब्बे में काग़ज़ को नमी नहीं लगती, बहनजी!"

मुलाने त्याच दिवशी वकील गाठला. सुनावणीची तारीख मिळाली, म्हणजे तोवर तरी त्याला देश सोडावा लागणार नव्हता. मी त्याला डबाभर पापड पाठवले आणि बजावलं, "पापड खाऊन टाक. डबा मात्र फेकू नकोस."