आबांच्या हरकती

इंदापूरच्या जुन्या पेठेत, बंद पडलेल्या तेलघाण्याच्या जागेवर तीन मजली इमारत बांधण्याचा प्रस्ताव १९९६ च्या उन्हाळ्यात आला. खाली दुकानांचे गाळे, वर राहायचे फ्लॅट. पहिली हरकत मारुती आबा देवकाते यांनी घेतली. ती ड्रेनेजविषयी होती.

आबांना ड्रेनेजशी काही देणंघेणं नव्हतं, हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं. घाण्याच्या मागच्या बाजूला पाच-सहा घरांची परसं एकमेकांना लागून होती. मध्ये कुंपण नव्हतं. प्रत्येक परसात छातीएवढ्या भिंतींची, वरून उघडी न्हाणी. बायका तिथे अंघोळ करत, दुपारी डोक्यावरचा पदर खाली टाकून केस वाळवत, तान्ह्या पोरांना पायांवर घेऊन न्हाऊ घालत. त्या वेळात घरचा पुरुषसुद्धा खाकरल्याशिवाय परसात पाय टाकत नसे. तीन मजले उभे राहिले की मागच्या खिडक्यांतून हे सगळं दिसणार होतं. हरकत एवढीच होती. ती बोलून दाखवायला आबांना मनाई होती.

मनाई त्यांच्या थोरल्या बहिणीची होती. अक्का तरुणपणी विधवा होऊन भावाकडे आल्या होत्या आणि घर त्याच चालवत. प्रस्ताव कळला त्या दिवशी त्यांनी आबांना चुलीपाशी बोलावून सांगितलं, "बिल्डिंग हुता कामा न्हाय. आन् चार गड्यांत माझ्या न्हाणीचं नाव काढलंस, तर ह्या घरात पाणी पिणार न्हाय." या दोन वाक्यांमध्ये आबा पुढचं सव्वा वर्ष अडकले. त्यांच्याबरोबर पेठ अडकली.

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुक्याचा वार्ताहर होतो. आबांना त्याआधीपासून ओळखत होतो. ते एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. इंदापूरच्या स्थानकावर खिडकीमागे बसून गाड्या पुकारण्यात त्यांची नोकरी गेली. वडील कळंबच्या बाजूला मेंढरं राखायचे. आबा घरातले पहिले पगारदार. निवृत्त झाल्यावरही खाकी सदरा सुटला नाही आणि पुकारायची सवयही. घरी पाहुणा आला की ओट्यावरून आत आवाज जाई, "अकलूजहून आलेले पाहुणे फलाटावर लागत आहेत." बोलताना ते गावाकडचं बोलत, पुकारताना शुद्ध.

गाडीला उशीर झाला की प्रवासी खिडकीशी येऊन कारण विचारत. आबांनी ते कधी सांगितलं नाही. "गाडी मागून येत आहे," एवढंच. एकदा सोलापूरकडची एक गाडी दुपार कलेपर्यंत आली नाही. चालक वाटेत लेकीसाठी स्थळ बघायला उतरला होता. आबांना ते फोनवर कळलं होतं. चिडलेल्या प्रवाशांना ते तोच जबाब देत राहिले, शिव्या खाल्ल्या, आणि चालकाची नोकरी वाचली. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "कारण सांगितलं की भांडण लागतं. येळ सांगावी." पत्रकाराला हे तत्त्व सोयीचं नाही. पेठेलाही ते सोयीचं ठरलं नाही.

हरकत आली म्हणून इमारत अडली नसती. अडली ती बोळामुळे. घाण्याच्या जागेकडे जाणारा बोळ अरुंद होता आणि त्याच्या तोंडाशी आबांचा ओटा होता. तो हातभर कापल्याशिवाय वाळूचा ट्रक आत जात नव्हता. बिल्डर काळोखे बारामतीचे. बारामतीत त्यांनी अशा दोन इमारती बांधल्या होत्या. तिथे त्यांना एवढा वेळ कधी लागला नव्हता, हे ते प्रत्येक बैठकीत सांगत.

बैठका तालमीत होत. पेठेचा रिवाज तसा होता. तालमीत बाई पाऊल टाकत नाही. त्यामुळे ज्यांची हरकत होती त्या बाहेर, आणि आत जाजमावर तीस-चाळीस पुरुष ड्रेनेजवर बोलत बसलेले. दुसऱ्या बैठकीला काळोखे मोठ्या पाइपाचा तुकडा घेऊन आले. जाजमावर ठेवून म्हणाले, "आबा, हा बघा. यातून माणूस वाहून जाईल."

आबांनी पाइपात डोकावून पाहिलं. "माणसाचं ठीक हाय. पान्याचं काय?"

"कुठल्या पाण्याचं?"

"प्यायच्या. एवढी बिऱ्हाडं वर आली की आमच्या नळाला दाब राहनार न्हाय."

पुढच्या बैठकीला काळोख्यांनी स्वतंत्र बोअर आणि टाकीचं आश्वासन लेखी दिलं. आबांनी तुळशीला ऊन मिळणार नाही असं सांगितलं. त्यानंतर आगीचा बंब बोळात शिरणार नाही असं सांगितलं. आगीचा बंब पेठेत तोवर कधीच शिरला नव्हता. मग पारवे निघाले. उंच इमारतीवर पारवे येतात, घाण करतात.

"पारव्यांचा आणि माझा काय संबंध, आबा?" काळोखे म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता.

"तुमचा न्हाय. इमारतीचा हाय."

जाजमावर बसलेल्या प्रत्येकाच्या घरी न्हाणी होती. प्रत्येकाच्या बायकोने, आईने रात्री जेवताना हाच विषय काढलेला होता. एकजणही बोलला नाही. उलट आबांची नवी हरकत आली की चार माना गंभीरपणे हलत. एका वयस्क गृहस्थांनी पारव्यांमुळे दमा होतो अशी पुस्ती जोडली. मी ती बातमीत घेतली. बातमीला मथळा मिळाला, 'पारव्यांच्या प्रश्नावरून इमारतीला विरोध'. दैनिकाच्या जिल्हा कार्यालयातून फोन आला, इंदापुरात सध्या दुसरं काही घडत नाही का.

सगळ्यांत जास्त वैतागला होता सुनील गलांडे. तो आबांचा शेजारी. पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचा. त्याची टपरी हमरस्त्याच्या कडेला होती आणि रस्ता रुंद होणार म्हणून ती उठणार, हे नक्की झालं होतं. या इमारतीत गाळा मिळाला नाही तर धंदा घेऊन जायला त्याला जागा नव्हती. परस मात्र त्याच्याही घरामागे होतं आणि त्याची बायको त्या वर्षी बाळंत झाली होती. एका संध्याकाळी तो ओट्यावर येऊन बसला. मी तिथेच होतो.

"आबा, आपुन दोघंच हाय. हे वार्ताहर घरचेच. खरं बोला."

"खरंच बोलतुय. पारवं..."

"पारवं गेलं खड्ड्यात. न्हाणीवर पत्रा टाकू. मी टाकून देतो, सगळ्यांच्या."

आबांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "कशावर?"

"न्हाणीवर."

"न्हाणीचा काय संबंध?"

सुनील उठून उभा राहिला. "तुमच्यापायी माझं दुकान रस्त्यावर येनार. आन् ते कशापायी आलं हे मला सांगायचीबी चोरी."

आतून अक्कांचा आवाज आला. त्या दाराआड होत्या. "सुन्या, पत्रा न्हाणीवर टाकशील. परसावर टाकशील का?"

सुनील परत खाली बसला. आबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "चहा टाक गं, अक्का."

पावसाळा संपल्यावर काळोख्यांनी सगळ्यांना बारामतीला नेलं. स्वतःची बांधलेली इमारत दाखवली की लोकांची भीती जाते, असा त्यांचा अनुभव होता. दोन जीपगाड्या केल्या होत्या. तिथे गाळे पाहून झाले, एका फ्लॅटमध्ये पोहे झाले, आणि मग ते सगळ्यांना गच्चीवर घेऊन गेले. "हवा बघा," ते म्हणाले. सगळे मागच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. खाली एका जुन्या घराचं परस होतं. एक बाई बादलीपाशी बसून केस धूत होती. तिने मान वर केली. वर ओळीने उभे असलेले टोपीवाले पुरुष तिला दिसले. ती ओल्या केसांनिशी उठली, पदर डोक्यावर ओढला आणि बादली तशीच टाकून घरात गेली.

कठड्यापासून सगळे मागे सरले. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. काळोखे त्या वेळी टाकीचं झाकण उघडून दाखवत होते. त्यांच्या हे लक्षात आलं नाही.

परतताना जीपमध्ये आबा म्हणाले, "जिना लई अरुंद हाय."

"व्हय," दोघा-तिघांनी दुजोरा दिला. सुनीलने खिडकीवर डोकं टेकून डोळे मिटून घेतले.

जिन्याची हरकत तालमीत मांडली गेली त्या बैठकीत काळोखे उठून गेले. त्यांनी निरोप पाठवला की आणखी एकच बैठक होईल. तीत संमती मिळाली नाही तर आपण प्रस्ताव मागे घेऊ. पेठेत दोन तट पडले. गाळे हवे असलेल्यांनी आबांच्या ओट्यावरून जाणं बंद केलं. अक्का आबांशी बोलेनाशा झाल्या, कारण विरोध कमी पडतोय असं त्यांचं मत होतं. आबा मला म्हणाले, "दोन्ही फलाटावरनं शिव्या पडत्यात. खिडकी लावून घ्यायची बी सोय न्हाय."

त्याच सुमारास अक्का, सुनीलची आई आणि आणखी दोघीजणी मोरगावच्या गणपतीला जाऊन येतो असं घरी सांगून सकाळच्या एस.टी.ने निघाल्या. वाटेत त्या बारामतीला उतरल्या आणि पत्ता विचारत काळोख्यांच्या घरी गेल्या. पुढे त्या मोरगावला पोहोचल्या की नाही, याला दुजोरा मिळू शकला नाही. प्रसाद आणला होता.

घरी काय झालं ते काळोख्यांनीच मला नंतर सांगितलं. छापणार नाही या अटीवर. इतक्या वर्षांनंतर ती अट पाळायचं कारण उरलेलं नाही. बायका काळोख्यांना भेटायला आल्याच नव्हत्या. त्यांच्या आईला भेटायला आल्या होत्या. काळोखे बाहेरच्या खोलीतून ऐकत होते. आत चहा झाला, कुठल्या गावच्या, माहेर कुठलं, ते झालं. मग अक्कांनी विचारलं, "तुमी न्हाता कुठं, बाई?"

"आता बाथरूममधी की. पोरानं फरशी बसवलीया."

"आन् आधी?"

"आधी गावाकडं, परसात." आई पुढे म्हणाल्या, "हितं कोंडल्यावानी हुतं. केस वाळवायला गच्चीवर जावं, तर शेजारच्या गच्चीवर पोरं."

"तुमचा ल्योक आमचं परस घेनार हाय," अक्का म्हणाल्या. "घाना घेऊ दे, आमचं काय न्हाय. वरनं परस घेतोय."

काळोखे मला म्हणाले, "सव्वा वर्ष मी पाइप घेऊन फिरतोय. हे एका माणसाला सांगता आलं नाही?" त्या संध्याकाळी आईने त्यांना ताट वाढलं नाही. आधी नकाशा आण म्हणाल्या. त्यांना नकाशा वाचता येत नव्हता. मागची बाजू कोणती एवढं विचारून घेतलं आणि तिच्यावर तळहात ठेवला.

शेवटची बैठक १९९७ च्या श्रावणात झाली. तालीम भरली होती. काळोख्यांनी नवा नकाशा भिंतीला लावला. मागच्या, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीत एकही खिडकी नव्हती. त्या बाजूच्या खोल्यांना उजेड मधल्या मोकळ्या चौकातून येणार होता. गच्चीचा मागचा कठडा पुरुषभर उंच होता. दर मजल्याला एक खोली कमी झाली होती.

"हे कशापायी केलं?" कोणीतरी विचारलं. विचारणाऱ्याला ते माहीत होतं.

काळोखे आबांकडे पाहत म्हणाले, "वास्तुशास्त्र. दक्षिणेला खिडकी चांगली नसते."

"नसतीच," आबा लगेच म्हणाले.

"आमच्यातबी न्हाय ठेवत," दम्याची पुस्ती जोडणारे गृहस्थ म्हणाले. वास्तुशास्त्राला जाजमावरून सर्वांनी मान्यता दिली. त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे, हे शेवटपर्यंत कोणी उच्चारलं नाही.

"मग ओटा कापायला संमती?" काळोख्यांनी विचारलं.

आबा उभे राहिले. सदरा खाली ओढला आणि खिडकीमागचा आवाज लावला. "ओटा कापण्यास आमची हरकत नाही." मग बसता बसता साध्या आवाजात म्हणाले, "ड्रेनेजचं तेवढं बघा."

सुनील मोठ्याने हसला. त्याच्यामागून सगळी तालीम हसली. काळोखे हसले नाहीत. बातमीत मी लिहिलं की वास्तुशास्त्राच्या कारणावरून नकाशात बदल करण्यात आला असून रहिवाशांचा विरोध मावळला आहे. त्यातला दुसरा भाग खरा होता. बातमी वाचून आबा म्हणाले, "बराबर लिवलंय." मी म्हटलं, आबा, हे तुम्ही पहिल्याच दिवशी काळोख्यांना एकट्याला गाठून सांगू शकला असता. ते म्हणाले, "त्यानं घरी जाऊन बायकोला सांगितलं असतं. बायकोनं शेजारणीला. बारामतीभर अक्काची न्हाणी झाली असती."

"शेवटी अक्कांनीच सांगितलं की."

"ती तिची हाय. तिनं सांगावी."

इमारत पुढच्या वर्षी पूर्ण झाली. सुनीलला बोळाकडचा दुसरा गाळा मिळाला. दक्षिणेकडच्या खोल्या उशिरा विकल्या गेल्या आणि स्वस्तात गेल्या. अक्का आबांशी बोलू लागल्या.

आबा १९९९ च्या जानेवारीत गेले. सकाळी ओट्यावर बसलेले असताना छातीत कळ आली. दवाखान्यात नेण्याआधीच प्राण गेला. दुपारी मयत निघालं. पुरुष स्मशानातून परतले तेव्हा पुढचं दार लावलेलं होतं. आतून निरोप आला की बायकांच्या अंघोळी चालल्या आहेत, थांबा. आम्ही बोळात थांबलो. घरच्या, शेजारच्या आणि गावाहून आलेल्या सगळ्या बायका मागच्या परसात, इमारतीच्या बिनखिडक्यांच्या भिंतीखाली, उघड्यावर एकत्र न्हाल्या. इमारतीतले सगळे फ्लॅट तेव्हा भरलेले होते.