दसऱ्याचं सोनं आणि सुधाकरभाऊंचा हात

मंडळी, देवळीच्या सायबर कॅफेत बसून लिहून राह्यलो. घरी सांगायची लाज वाटते.

आज संध्याकाळी शेजारच्या सुधाकरभाऊंकडे दसऱ्याचं सोनं द्याले गेलतो. मोटारसायकलवरून पडले तेव्हा त्यांच्या खांद्याच्या नसा तुटल्या. तेव्हापासून उजवा हात नुसता लोंबतो.

मी उत्साहात सांगत सुटलो. परदेशात म्हणे मेलेल्या माणसाचा हात दुसऱ्याले बसवला, नसा जोडल्या, अन् हळूहळू बोटं हलू लागली! "भाऊ, तुमच्या नसांवरही इलाज निघन. उमेद सोडू नका."

भाऊंचा चेहरा खुलला. त्यांनी डाव्या हातानं आपट्याची पानं पुढं केली.

अन् पोरांले रोज दटावतो तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, उजव्या हातानं द्या!"

भाऊंनी डाव्या हातानं उजवा हात उचलला, बोटांत पानं खोचली, पुढं धरली. पानं खाली पडली.

"तो नवा हात येईपर्यंत," भाऊ म्हणाले, "डाव्यानं दिलेलं घेशीन का, बाबू?"

घेतलं. पण मान काही वर झाली नाई.

तुमच्या तोंडून असं कधी निघून गेलं का? मग त्या माणसाच्या दारात पुन्हा कसे गेले तुम्ही?