नुकतीच पुसलेली जमीन

आधीच सांगून टाकते — मी सिव्हिल इंजिनिअर आहे. माती, पाणी आणि वजन एवढ्यावरच माझा विश्वास, बाकी सगळ्याला मी "बरं" म्हणून सोडून देते. हॉस्टेलमध्ये मुली अंगावर पांघरूण ओढून भुताच्या गोष्टी सांगायच्या, तेव्हा मी मधेच उठून झोपायला जायचे. या सदरातले अनुभवही मी चहाबरोबर टाइमपास म्हणूनच वाचत आले. त्यामुळे आज माझाच अनुभव लिहायला बसलेय याचं मला हसू येतंय... पण लिहिते.

आम्ही ऑकलंडच्या दक्षिणेला, पापाकुराला राहतो. नवरा निखिल आयटीत. मी रस्ते आणि ड्रेनेजची कामं करणाऱ्या कंपनीत. ऑफिस पेनरोजला, पण बहुतेक दिवस साइटवर चिखलात जातात. मागे आमच्याकडे एका छोट्या गावाचं काम आलं. नाव देत नाही, काम अजून चालू आहे. मेन स्ट्रीटखालून पावसाच्या पाण्याचा नवा पाइप टाकायचा होता. जुन्या वस्तीत खणायचं म्हणजे इथे आधी आर्किऑलॉजिस्ट येतात. डांबर काढलं, भराव काढला, आणि कमरेएवढ्या खोलीवर दुसरा रस्ताच निघाला! ठोकून बसवलेली खडी, कडेला विटांचं गटार, आणि एका बाजूला एका घराची काळ्या दगडाची पायरी. पायरीच्या आत विटांची जमीन असलेली एक खोली. भिंती कधीच गेल्या होत्या, जमीन तेवढी शाबूत.

उत्खननाची प्रमुख हेलन. मूळची इंग्लंडची, तरुणपणी तिकडच्या एका छोट्या शहरात रोमन लोकांचा रस्ता उकरण्यात तिची काही वर्षं गेलेली. ती म्हणायची, "रोमन असो की इथला, रस्ता मरत नाही, त्याच्यावर दुसरा चढतो." हा रस्ता तिच्या मानाने कालपरवाचा, शंभर-दीडशे वर्षांचा. पण ती एकेक वीट अशी ब्रशने साफ करायची की मला माझ्या घरच्या ओट्याची लाज वाटायची.

याच काळात सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. दोन्ही गुडघे बदललेले. डॉक्टरांनी निखिलला बजावलं होतं, "एकदा जरी जोरात पडल्या तर पुढचं सांगता येणार नाही." आता निखिल एकुलता एक, आणि आईच्या बाबतीत जरा जास्तच हळवा. बाथरूममध्ये त्याने तीन प्रकारचे मॅट घातले होते. कामासाठी वेलिंग्टनला जाताना मला दारातच म्हणाला, "साक्षी, प्लीज, तिला तुझ्या त्या खड्ड्यात नेऊ नकोस."

"छे, मी कशाला नेतेय," मी म्हटलं.

तो गेला आणि आईंनी लगेच विचारलं, "शनिवारी तुमच्याकडे लोकांना बघायला सोडणार आहेत ना? मग मी काय घरी टीव्ही बघत बसू?"

मी नाही म्हणून बघितलं. पण आई तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या, त्यांना कोण अडवणार? मनात हिशेब केला — लाकडी रॅम्प आहे, कठडा आहे, मी बरोबर आहे, काय होतंय!

शनिवारी आकाश स्वच्छ होतं, आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता. आईंनी साडी जरा वर खोचून पायात माझे जुने सेफ्टी बूट घातले, अंगात पिवळं जॅकेट, डोक्यावर हेल्मेट. आमच्या फोरमनने माओरीत नमस्कार केला, "किया ओरा, बॉस!" आई एकदम खूश. सुरुवातीला तिथल्या मूळच्या माओरी समाजाच्या एका वयस्कर गृहस्थांनी प्रार्थना म्हटली. गेटपाशी पाण्याचं भांडं ठेवलेलं, जाताना हात धुऊन जायचं म्हणून. आईंना ते फार पटलं. "बघ, यांच्याकडेपण आहे," मला हळूच म्हणाल्या.

रॅम्प उतरून आम्ही जुन्या रस्त्यावर आलो. मी त्यांचा दंड घट्ट धरलेला. त्यांनी वाकून पायरीचा दगड बघितला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर आपल्याकडचाच दगड!" खरंच, तसाच काळा कातळ. मग मागे दहाबारा लोकांची रांग लागली. हेलनने ठरवलं होतं की एकेकाने पायरी चढून आत जायचं, खोली बघायची आणि पलीकडून फळीवरून बाहेर पडायचं. त्या जमिनीवर तिची माणसं कित्येक आठवडे गुडघे टेकून काम करत होती, सकाळी ती स्वतः आत फिरून आली होती. वयाचा मान म्हणून तिने आईंना हात केला, "तुम्ही पहिल्या."

पायरी अरुंद होती, बरोबरीने चढता येईना. मी दंड सोडला आणि मागे उभी राहिले. आई पायरीवर चढल्या... आणि तिथेच थांबल्या. आत पाय टाकेनात.

मला वाटलं गुडघा दुखला. "काय झालं आई?"

"थांब. आत्ताच पुसलंय तिने."

"कोणी?"

"अगं, ती बाई बघ ना. थांबा म्हणतेय." मग मागे वळून, दोन्ही हात पसरून, वर्गातल्या आवाजात सगळ्या रांगेला — "स्टॉप! नो गोइंग. फ्लोअर ओला!"

लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत कोणीही नव्हतं हो! पांढऱ्या मंडपाखाली रिकामी खोली, पलीकडे हेलन, ती पण गोंधळलेली. मी दात-ओठ खात हळू आवाजात म्हटलं, "आई, चला ना. दीडशे वर्षांची जमीन आहे, ती कोण पुसतंय? लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. दुसरीने वाकून पुसायचं आणि आपण त्यावर बूट घेऊन नाचायचं? पाय उमटतील. वाळू दे दोन मिनिटं."

आपल्याकडे हे प्रत्येकीला माहीत आहे. ओल्या फरशीवर पाय ठेवणाऱ्या माणसाला घरात काय ऐकून घ्यावं लागतं, तेही माहीत आहे. पण इथे, उत्खननात, पाहुण्यांसमोर! मी त्यांच्या खांद्यावरून आत डोकावले, काहीतरी समजूत घालावी म्हणून.

आणि जमीन ओली होती.

खरंच ओली. विटा गडद लाल, चकाकत होत्या. पोछा मारल्यावर अर्धगोल फराटे दिसतात ना, तसे एकात एक फराटे, पार पायरीपर्यंत. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर — कोणी गाढवाने पाणी सांडलं, आता आई घसरणार.  मी मागून त्यांची कंबर धरली आणि हेलनला ओरडून सांगितलं, "हेलन, स्लिपरी आहे, कोणाला सोडू नकोस!"

माझं वाक्य पुरं झालं आणि जमीन बसली.

मोठा आवाज नाही. गोणी पडावी तसा धप्प. पायरीच्या पुढे, जिथे आईंचं पुढचं पाऊल पडलं असतं नेमकं तिथे, विटा आत गेल्या आणि काळं भोक उघडं पडलं. खालून पाण्याचा डुबुक असा आवाज आला. मी आईंना तसंच मागे ओढलं, आम्ही दोघींनी रस्त्यावर बसकण मारली. वर धुळीचा लोट उठला, डोळ्यांत गेला, सगळे खोकायला लागले.

धूळ! ओल्या जमिनीतून...

पण ते नंतर सुचलं. तेव्हा मी फक्त आईंचे गुडघे चाचपत होते, एक, मग दुसरा, मग परत पहिला. तोंडाने "आई, आई" एवढंच म्हणत होते.

"अगं ठीक आहेत गुडघे," त्या म्हणाल्या. "तूच पांढरीफटक पडलीयेस. पाणी पी आधी."

मग माझा जीव भांड्यात पडला आणि मी चारचौघांत, हेल्मेट घालून, भोकाड पसरलं. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. इतक्या वर्षांत आम्ही सासू-सुना कधी एवढ्या जवळ बसलो नव्हतो.

खाली जुनी विहीर निघाली. कधीकाळी तिच्यावर फळ्या टाकून वर विटांची जमीन केली होती, फळ्या कुजून संपल्या होत्या. माझ्या हातात याचं चोख स्पष्टीकरण आहे, रिपोर्ट मीच लिहिलाय. जमीन त्या दिवशी का बसली, तर कधीतरी बसणारच होती. आधीच्या तपासणीत आम्हाला ती पोकळी सापडली नाही, हे आमचं चुकलंच. इथवर सगळं माती, पाणी आणि वजन.

पण कडेच्या विटा मी स्वतः हातात घेऊन बघितल्या. कोरड्या ठणठणीत. नळ गेटपाशी, होज तिथवर पोचत नाही, मंडपाला गळती नाही. मला भास झाला म्हणावं तर रांगेत आमच्या मागे उभे असलेले एक आजोबा हेलनला म्हणाले, "मी विचारणारच होतो, ही फरशी सकाळी कोणी पुसली?" बाई मात्र त्यांना दिसली नव्हती. मलाही नाही. आमची हेलन, रोमन रस्त्यावर मुक्काम केलेली बाई, त्या घरात कोण राहायचं याची कुठेच नोंद नाही, एवढंच म्हणाली.

गाडीत मी आईंना विचारलं, "दिसायला कशी होती? गोरी? माओरी?"

"मान खाली होती गं, कामात होती. बाह्या वर सारलेल्या, हात लाल झालेले. मी पायरीवर आले तशी वर बघितलं आणि हात असा केला." त्यांनी तळवा पुढे करून दाखवला. पुसताना कोणी दारात आलं की आपण करतो, अगदी तसा.

"आणि काय बोलली?"

"बोलायला कशाला हवं? कळतं की."

"आई, तुम्हाला भीती नाही वाटली? भूत असेल..."

"भूत कसलं!" त्या रागावल्याच. "कामाची बाई होती."

निखिल परत आला त्या रात्री आईंनी मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "त्याला काही बोलू नकोस, उगाच तुला ओरडेल." महिन्याभराने आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. निखिलने व्हीलचेअर बुक केली होती. आईंनी तिच्यात पर्स ठेवली आणि शेजारून स्वतः चालत आत गेल्या, मागे न बघता, ताठ.

मला अजूनही काही समजलेलं नाही. रिपोर्टात "जमीन ओली होती" हे वाक्य मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, शेवटी खोडलं. आई रोज सकाळी टेकडीवर फिरायला जातात आणि वर पोचल्या की मला व्हिडिओ कॉल करतात, धापा टाकत. इथे तेव्हा दुपार असते. मी साइटवरून, कितीही गडबडीत असले तरी, तो कॉल घेते.