तीन महिन्यांची साखर

आमच्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात. एका चादरीची घडी घालायला दोन बायका लागतात. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा आणि एकमेकींकडे चालत यायचं. चार वर्षं माझ्यासमोरच्या टोकाला ती होती. सगळ्या तिला बर्फवाली म्हणायच्या, कारण पाण्याच्या मशीनमधला बर्फ ती दिवसभर कडाकडा चावायची.

"दात आहेत का खलबत्ता?" कुणीतरी विचारायचंच.

"काय करू, दिसला की राहवतच नाही," म्हणून तीच आधी हसायची. रक्त कमी असलं की माणसाला अशी ओढ लागते, हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

ती बाहेरून आलेली, मी इथलीच. काम दोघींचं सारखं. फक्त बाहेरून आलेल्यांचा करार दरवर्षी नवा व्हायचा आणि त्याआधी कंपनीचे डॉक्टर त्यांना तपासायचे : छाती, लघवी आणि तीन महिन्यांची साखर. ही म्हणजे तीन महिन्यांची सरासरी; ती बोटाला टोचून कळत नाही, दंडातून रक्त काढावं लागतं. आकडा साडेसहाच्या आत हवा. वर गेला की करार बंद आणि कंपनीची खोलीही बंद. त्या खोलीत तिची मुलगी तिच्यासोबत राहायची. मुलगी दहावीला होती, हुशार होती. "हिची परीक्षा होईपर्यंत देवाने मला इथे ठेवावं, पुढचं पुढे," एवढंच तिचं मागणं होतं.

त्या वर्षी तिचा आकडा आला सहा पूर्णांक आठ.

डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली. ती रडतच माझ्याकडे आली. आता माझ्या घरी सासूबाईंना वीस वर्षांची साखर, त्यामुळे पथ्याच्या बाबतीत मी स्वतःला अर्धी डॉक्टरीणच समजायचे. मी म्हटलं, "रडतेस काय? माझं ऐक. गूळ बंद, खजूर बंद, फळं बंद. भात दोन घास. भूक लागली की बिनसाखरेचा कोरा चहा प्यायचा."

"आणि कामावर चक्कर आली तर?"

"चक्कर येऊन कुणी मरत नाही. नोकरी गेली तर काय करशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या तिच्या खोलीवर जाऊन मी सासूबाईंच्या मशीनवर तिचं बोट टोचलं. अठ्ठ्याऐंशी. अगदी चांगला आकडा. आता खरं तर तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, की जिला साखर झालीय तिचा उपाशीपोटी आकडा असा कसा? पण मी टाळी वाजवली. "बघ! एका रात्रीच्या पथ्याचा गुण!"

तिने माझे पाय धरले. मी धरू दिले.

मग दर रविवारी बोट टोचायचं. पंच्याऐंशी, नव्वद, ब्याऐंशी. आकडा चांगला आला की ती आणखी एक घास कमी करायची. दुपारी डब्याला हात लावायची नाही, चहावर चहा प्यायची. तिचे महिन्याचे दिवस मुळातच आठ-दहा चालायचे. दुसऱ्या महिन्यात ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसायला लागली. ओठ आणि चादर एकाच रंगाचे. तिच्या हातून कोपरे सुटायचे आणि धुतलेली चादर जमिनीवर लोळायची.

"बर्फवाली, वितळायला लागलीस की गं!" इस्त्रीवाल्या ओरडायच्या.

सुपरवायझर बाई म्हणायची, "नाटकं नकोत. चादर परत धुवायला टाक." आणि मी म्हणायचे, "थोडं सोस. एकच महिना राहिलाय."

त्याच महिन्यात आम्हा इथल्या बायकांचं वार्षिक रक्त तपासलं. आमच्या फॉर्मवर हिमोग्लोबिनचा रकाना असतो. माझं जरा कमी निघालं, तर कंपनीने लोहाच्या गोळ्या फुकट दिल्या. मी त्या तिच्यासमोर बसून घ्यायचे.

दुसऱ्या तपासणीला मीच तिला धरून नेलं. रक्त काढणारी पोरगी बोलकी होती. तिने हिची पापणी खाली ओढून पाहिली आणि मला बाजूला घेतलं. "मावशी, यांच्या अंगात रक्तच नाहीये. लोह तपासलंय का कधी?"

"साखरेचं बोल गं."

"तेच बोलतेय. लोह कमी पडलं की नवीन रक्त लवकर बनत नाही, जुनंच फिरत राहतं. त्याच्यावर साखर चढत जाते. मग साखर नसतानाही हा आकडा फुगतो. यांना पोटभर खायला घाला, लोहाच्या गोळ्या द्या. महिन्या-दोन महिन्यांत उतरेल."

तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "शक्य आहे. पण बाहेरच्यांच्या फॉर्मवर तो रकानाच नाही. मी कुठे लिहू?"

आकडा आला सात पूर्णांक एक.

सुपरवायझर बाईने सगळ्यांसमोर सुनावलं, "जिभेला आवर घालता आला नाही ना? आठ दिवसांत खोली रिकामी कर." परीक्षेला तेव्हा पाच आठवडे होते. मी मध्ये पडले, तर मला म्हणाली, "तुला जायचंय का तिच्याबरोबर?" मी पुढची चादर उचलली.

संध्याकाळी तिच्या खोलीवर जाऊन मी सगळं खरं सांगितलं. ती भांडी बांधत होती. हातातली गाठ तिने पुरी केली. मग म्हणाली, "म्हणजे मी जेवले असते तर चाललं असतं?"

"चाललं असतं."

"खजूर?"

"खजूर तर हवाच होता."

तिने मान हलवली, जणू मी बाजारभाव सांगत होते. मुलगी दप्तराला टेकून बसली होती. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "काकू, आता तरी आईला जेवायला सांगा. माझं ऐकत नाही. अजून चहाच पितेय."

मी ताट वाढलं, तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "देवाची शपथ घेऊन सांगते, खा. तुला साखर नाही."

तिने ताट हळूच माझ्याकडे सरकवलं. "ताई, तेव्हाही तुम्ही असंच ठासून सांगितलं होतं."