कागदावरची अपुलिया

दुपारच्या पाळीला निघाले की सालमियाच्या किनाऱ्यावरून एक खारट, किंचित गंजलेला वास येतो आणि पाच पावलांपुरतं माझं मन हर्णैच्या बंदरावर जाऊन येतं. पाच पावलांपुरतंच, कारण या वासात मासळी नाही. धुऊन, इस्त्री करून ठेवल्यासारखा हा समुद्र आहे. वास कुठला हे नाकाला क्षणात कळतं, मग तू कुठली असं कुणी विचारलं की माझी जीभच का अडखळावी? कुवेतमध्ये नर्स म्हणून बारा वर्षं काढली आणि बारा वर्षं मी सगळ्यांना ‘बॉम्बे’ सांगत आले. मुंबईशी माझा संबंध नर्सिंगच्या वसतिगृहापुरता. पण हर्णै म्हटलं की मागोमाग दापोली, रत्नागिरी, कोकण असा सगळा भूगोल उलगडत बसावं लागतं. बॉम्बे म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि आपली सुटका होते.

एकदाच पकडले गेले. आमच्या इमारतीखालच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, हमीदभाई बसतात, मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांनाही सवयीने बॉम्बेच सांगितलं, तर कांदे तोलता तोलता ते म्हणाले, ‘बॉम्बे त सगल्यांचाच, बाय. गाव खंयचा?’ तेव्हा ओशाळून हर्णै म्हटलं. तेव्हापासून ते माझ्यासाठी आमसुलं बाजूला काढून ठेवतात.

हे सारं मला नव्याने आठवलं ते आमच्या वॉर्डात आलेल्या एका इटालियन आजींमुळे. मुलाकडे पाहुण्या आलेल्या, न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या, डोक्याला मार. परवाच्या विमानाने एकट्याच घरी परतायच्या होत्या. डोक्याला काही झालेलं नाही याची खात्री पटली तरच डॉक्टर सोडणार होते. अशा रुग्णाला दर तासाला तेच चार प्रश्न विचारायचे असतात: नाव काय, आज वार कोणता, आपण आत्ता कुठे आहोत, तुम्ही राहता कुठे? उत्तर डळमळलं तर ते धोक्याचं लक्षण. आजी निवृत्त शिक्षिका, इंग्रजी शिकवणाऱ्या. उत्तरंही फळ्यावर लिहिल्यासारखी स्वच्छ. राहते इटलीत, अपुलिया प्रांतात, नकाशातल्या बुटाच्या टाचेशी. मराठी कानाला त्या नावात उगाच आपलेपणा ऐकू येतो, पण तो आपल्या कानांचा भाबडेपणा. तीन वेळा विचारलं, तीन वेळा अपुलिया. तीन वेळा मी कागदावर खूण केली.

मधल्या वेळात मी त्यांचे केस विंचरले. पट्टीच्या कडेला रक्त सुकून बटा चिकटल्या होत्या. त्या ओल्या कापसाने सोडवल्या आणि उरलेल्या पांढऱ्या केसांची सैलशी वेणी घातली. असं करायला कुणी सांगत नाही, पण केस पिंजारलेली बाई आपल्याला बघवत नाही. आजी डोळे मिटून पडून होत्या. तास झाला म्हणून मी विचारलं, कुठे राहता? त्या म्हणाल्या, ‘पुल्या.’ पुन्हा विचारलं. पुन्हा, हसून, ‘पुल्या.’

आता विमान कसलं, ही बाई आपलं गावसुद्धा विसरायला लागली या विचाराने मी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी वार विचारला, डोळ्यांत उजेड पाडला, हात घट्ट दाबायला सांगितले; सगळं ठीक. मग कागदाकडे बघून ते म्हणाले, ‘आणि अपुलिया?’

‘तेच ते,’ आजी शांतपणे म्हणाल्या. ‘इंग्रजीत अपुलिया. वर्गात जन्मभर मीच शिकवलं ते. ही कागद घेऊन विचारत होती, म्हणून कागदावरचं नाव सांगितलं. मग हिने माझी वेणी घातली. माझी आई घालायची तशी. मग घरातलं नाव आलं तोंडात.’

डॉक्टर हसले आणि निघून गेले. मी मात्र तिथेच खुर्चीवर बसले, कारण डोळे भरून आले होते. त्या बाईची शुद्ध ढळली नव्हती. माझ्याशी परकेपणाने बोलायचं तिने थांबवलं होतं, एवढंच. आणि हे कळायला मला डॉक्टर आणावे लागले! जी स्वतः ठेवणीतल्या साडीसारखं बॉम्बे नेसून बारा वर्षं वावरली, तिलाच समोरची घरच्या साडीत आलेली ओळखू येऊ नये?

दुसऱ्या दिवशी आजींना सोडलं. मुलगा चाकाची खुर्ची घेऊन आला, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला, चष्मा नाकावर चढवला आणि शाळामास्तरणीच्या आवाजात मलाच प्रश्न घातले. नाव? वार? आपण आत्ता कुठे आहोत? मी मुकाट्याने उत्तरं दिली. शेवटचा प्रश्न, तू कुठली? त्यांच्या नियमाने हातात कागद होता, म्हणजे बॉम्बे चाललं असतं.

मी म्हटलं, ‘हर्णै.’

त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, कुठे आहे ते विचारलंसुद्धा नाही, आणि समासात एक मोठी खूण केली. पाळी संपवून बाहेर आले तेव्हा किनाऱ्यावरून तोच वास येत होता, मासळीवाचून. घर येईपर्यंत मी तो घेत राहिले.